पाटी वाचता आली पाहिजे

शिरड शहापूर,
१२ फेब्रुवारी २०२६

चि. छकुलीस,


परवाचा तुझा निरोप मी तीनदा ऐकला. मे महिन्यात मैत्रिणीला घेऊन बल्गेरियाला निघालीस, खर्च हात राखून करायचा आहे, आणि आत्या सोफियात धाकट्याकडे दीड महिना राहून आलेली म्हणून तिला विचारावंसं वाटलं, याचं फार बरं वाटलं. पण निरोपाच्या शेवटी तू हसत म्हणालीस, "तिथली अक्षरं कशाला शिकू आत्या, फोन वाचून दाखवतो की!" ते वाक्य दोन दिवस घशात अडकून बसलंय. अण्णांच्या नातीनं असं म्हणावं?

इकडे हळदीची काढणी जोरात आहे. मागच्या वावरात रात्री उशिरापर्यंत कुकर चालतात, घरभर शिजलेल्या हळदीचा वास भरलाय. राग उतरला की लिहू म्हणून थांबले होते. उतरला नाही, म्हणून तसंच लिहिते.

आधी व्हिसाचं. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये पूर्णपणे सामील झालाय, म्हणजे एकाच व्हिशावर ग्रीस आणि रुमानियाही होतात. फी ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तिथं पैसे वाचवू नकोस. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. तू म्हणालीस, जमलं तर दोन दिवस स्कोपियेलाही जाऊ, मदर तेरेसांचं जन्मगाव बघू. जरूर जा. पण ते उत्तर मॅसिडोनियात, आणि तो देश शेंगेनच्या बाहेर आहे. तुझा व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला, तर गेलेली तू परत सोफियात येऊ शकणार नाहीस, आणि परतीचं विमान तर सोफियाहून! पासपोर्टावर चिकटवलेल्या कागदावर किती प्रवेश आहेत ते हातात पडल्या पडल्या वाच. 'मल्ट', म्हणजे अनेकदा प्रवेश, असं लिहिलेलं असेल तरच सीमा ओलांड. आणि उत्तर मॅसिडोनियात शिरण्याचे नियम निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीकडून स्वतः खात्री करून घे, कोणी गेलं होतं म्हणून आपणही जाऊ असं करू नकोस.

पैशांचं. मी होते तेव्हा लेव्ह चालत होते, १ जानेवारी २०२६ पासून युरो आला. आता कुणी सुट्टे म्हणून लेव्हच्या नोटा हातात ठेवायला लागला तर घेऊ नकोस. एटीएम विचारतं, हिशोब रुपयांत करू का. नाही म्हण, युरोतच घे, नाहीतर भाव ते यंत्रच ठरवतं. आणि युरोची नोट नीट बघ. तिच्यावर 'युरो' हा शब्द तीन लिप्यांत छापलाय: रोमन, ग्रीक आणि सिरिलिक. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आला आणि त्याच्याबरोबर ही तिसरी लिपी तिथं आली. एवढ्याशा देशानं आपली अक्षरं साऱ्या युरोपच्या नोटेवर नेली, आणि तू ती शिकणार नाहीस!

अण्णांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली. वाड्यातले जुने कागद मोडीत, आणि पोथी बाळबोध लिपीत. तिन्ही वाचायचे. पूर्णेच्या स्टेशनात मीटरगेजच्या गाडीतून उतरले की आम्हा भावंडांना फलाटावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लावायचे. ज्याची चुकली त्यानं पिशवी उचलायची. तुझ्या बापानं पुष्कळ पिशव्या उचलल्यात, विचार त्याला.

आणि साक्षरतेच्या वर्गातल्या काकू? तू लहान होतीस, पण ती गोष्ट ऐकतच वाढलीस. लेकीकडे परभणीला निघालेली बाई वसमतच्या स्टँडवरून नांदेडच्या गाडीत बसली. विचारलं होतं तिनं, कुणीतरी "हो, हीच" म्हणालं. पुढं त्या रात्री काय झालं ते पुन्हा लिहीत नाही. चाळिशी उलटल्यावर ती कंदिलाच्या उजेडात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, मला नाव गाव नको, आधी गाडीची पाटी शिकवा." तिला मी पहिल्यांदा 'प' शिकवला, 'र' शिकवला. 'अ आ इ' नंतर. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, आणि सोफियात ते आणखी पक्कं झालं: ज्याला पाटी वाचता येत नाही, त्याचा प्रवास दुसऱ्याच्या हातात, आणि त्याचे पैसेही दुसऱ्याच्या हातात.

कसं ते सांगते. सोफियात टॅक्सीच्या काचेवर किलोमीटरचा दर लावलेला असतो. मोठ्या कंपन्यांसारखाच रंग, जवळपास तसंच नाव लावून काही गाड्या उभ्या असतात आणि दर कितीतरी पट! काच वाचणारा वाचतो, न वाचणारा भरतो. विमानतळाच्या टर्मिनल दोनवरून तर थेट मेट्रोच आहे, टॅक्सी हवी कशाला? गावागावांच्या बसगाड्या 'आव्तोगारा'वरून सुटतात. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या काचेत नुसता पुठ्ठा असतो, त्यावर हातानं लिहिलेलं गावाचं नाव. त्या हाताच्या अक्षरापुढं फोन कितीदा गडबडतो ते मी पाहिलंय.

अक्षरं तीस आहेत. आठ दिवसांचं काम. फसवणारी तेवढी आधी शिक: इंग्रजी पीसारखं दिसतं तो तिथं र, सीसारखा स, एचसारखा न, बीसारखा व, एक्ससारखा ह. 'व्होद' म्हणजे आत जायचं दार, 'इझ्होद' म्हणजे बाहेरचं, 'आप्तेका' औषधाचं दुकान, 'गारा' रेल्वेस्टेशन. एवढं आलं तरी निम्मं शहर आपलं होतं.

खाण्याचं. सकाळी बेकरीतली गरम 'बानित्सा' घे, आत पांढरं चीज असतं. अंडंही असतं, तुला चालतं म्हणून सांगते. दुपारी दुकानातून दह्याचा डबा आणि पाव. दही तर त्यांचं कुलदैवतच. त्यातला जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव या त्यांच्याच माणसानं १९०५ मध्ये शोधला. तुझी मैत्रीण मल्लिनाथांच्या देवळाजवळची, जैन घरातली, तिला अंडंही चालायचं नाही. तिनं 'पोस्तनो' हा शब्द पाठ करावा. चर्चच्या उपवासाचं जेवण ते. मांस, अंडं, दूध काही नसतं. मासा तेवढा नाही ना हे विचारून घ्यावं. कांदा-लसणाचं मात्र वेगळं सांगावं लागेल. पाणी विकत घेऊ नका. सोफियाच्या मध्यात जुन्या स्नानगृहाजवळ गरम झऱ्याचे नळ आहेत, म्हाताऱ्या बाया कॅन घेऊन भरत असतात, त्यांच्यात उभं राहा.

मान हलवण्याचं तर लिहिलंच पाहिजे. तिथं पुष्कळ लोक 'नाही' म्हणताना मान वर-खाली करतात आणि 'हो' म्हणताना आडवी. "ही गाडी प्लोव्दिवला जाते का?" विचारशील, तो मान डोलवील, तू चढशील, आणि पुन्हा काकूंचीच गोष्ट. मानेवर जाऊ नकोस. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही, ते कानानं ऐक; आणि पाटी डोळ्यांनी वाच.

धावत सुटू नकोस. रोज गाव बदललं की भाडंच भाडं. प्लोव्दिवला चार रात्री राहा, स्वयंपाकघर असलेली खोली घे, तिथून फिर. काझानलाकच्या गुलाबांची तोडणी मे-जूनमध्ये पहाटे चालते. किलोभर अत्तराच्या तेलाला तीन टनांवर फुलं लागतात. उत्सव जूनच्या आरंभी, तेव्हा खोल्या महागतात, त्याआधी जा. रिलाच्या मठात मुक्काम मिळाला तर एक रात्र तिथं. आणि सेप्तेम्व्रीहून दोब्रिनिश्तेला जाणारी अरुंद रुळांची गाडी चुकवू नकोस. सव्वाशे किलोमीटरला पाच तास, डोंगरात वळसे घेत वर वर चढते. मी त्या गाडीत बसले आणि अवरामोवो स्टेशनची पाटी, १२६७ मीटर, मोठ्यानं वाचली. समोरची आजी दचकली, मग तिनंच पुढच्या स्टेशनचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं आणि पिशवीतल्या चेरी काढून दिल्या. त्या क्षणी अण्णा शेजारी बसलेत असं वाटलं गं.

तारीख ठरवताना २४ मे धर. त्या दिवशी तिथं अक्षरांची सुट्टी असते, सरकारी सुट्टी! शाळेतली लेकरं सिरिल आणि मेथोडियस या दोघा भावांच्या तसबिरी घेऊन, फुलं घेऊन रस्त्यानं जातात. या भावांनी आधी स्लाव्ह भाषांसाठी अक्षरं घडवली आणि आजची सिरिलिक लिपी पुढं नवव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या शिष्यांच्या काळात बल्गेरियातच आकाराला आली. आपल्याकडे फेब्रुवारीत भाषेचा दिवस होतो, भाषणं होतात. पण पोरं अक्षरांसाठी फुलं घेऊन चाललीत हे मी जन्मात पहिल्यांदा तिथं पाहिलं, आणि रस्त्यात उभी राहून रडले.

रात्री नऊनंतर बसस्टँडवर पोचणारी गाडी धरू नकोस. अडचण आली तर ११२. फोनवर विसंबू नकोस म्हणते ते फोन वाईट म्हणून नाही. तो डोंगरात मुका होतो, थंडीत बसतो, चोरीला जातो. त्या वेळी तू एकटी कुठल्या तरी पाटीखाली उभी असशील आणि मी इथं ओसरीवर. मला नुसतं एवढं ठाऊक असू दे की माझ्या भाचीला वर काय लिहिलंय ते कळतंय.

म्हणून उत्तर फोनवर नको. कागदावर तुझं नाव आणि आपल्या गावाचं नाव त्या तीस अक्षरांत लिहून टपालानं पाठव. तपासून, लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवते. मगच तिकीट काढ.

वहिनीला नमस्कार, दादाला पिशव्यांची आठवण दे.

तुझी,
आत्या