पट्ट्याला तेल

खोबरेल तेल आमच्या घरी कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. आचऱ्याला परड्यात बारा माड आहेत. पाऊस सरला की खोबरं सुकवायचं आणि घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं. पाय खरचटला, तेल. डोकं दुखलं, तेल. बैलाच्या खांद्याला जू घासलं, तेल. बाबांच्या दुखण्यातही माझा हात त्याच बरणीकडे गेला.

बाबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. प्रोस्टेटची ग्रंथी वाढून लघवी अडली होती. हृदय कमजोर, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला धजेनात. शेवटी लघवीची नळी कायमचीच बसली. सोळा नंबरची, पिवळट रबराची. टोकाला छोटा फुगा, नळी आत गेली की त्यात दहा मिली पाणी भरायचं, म्हणजे ती बाहेर सरकत नाही. फोली हे तिचं नाव, एका अमेरिकन डॉक्टरवरून पडलेलं. दर तीन आठवड्यांनी ती बदलायची. गावातलाच एक अनुभवी माणूस घरी येऊन बदलून देई.

श्रावणात एकदा तो आला तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. पिशवीत हात घालून म्हणाला, "जेली संपली हा. घरात तेल आसा?"

"आसा तर! घाण्याचा आसा, भेसळ नाय." मी मोठ्या अभिमानाने वाटी भरून दिली. बाबांनी डोळे मिटून दात आवळले. नळी गेली. मला वाटलं, ट्यूबचे पैसेही वाचले. एवढ्यावर थांबलो नाही. नळी जिथे घासते तिथे आग होऊ नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मी तेल चोळू लागलो.

नवव्या दिवशी पहाटे बघतो तर अंथरूण ओलं आणि नळी बाहेर पडलेली. फुगा फुटला होता. दुपारपर्यंत बाबांना हुडहुडी भरून ताप चढला. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फुटलेला फुगा हातात घेऊन उलटसुलट निरखला. एखादा तुकडा मूत्राशयात राहिला नाही ना, ते बघत होते. सुदैवाने फुगा अख्खा होता.

तिथल्या सिस्टरबाईंनी विचारलं, "नळीला काय लावता?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"काका, शेती करता ना? पंपाच्या पट्ट्याला तेल लावाल?"

"छे! पट्टा फुगेल, सैल पडेल. पुढे चिरा जातील."

"मग ही नळी कशाची आहे?"

मी गप्प. पट्ट्यावर तेलाचा ओघळ दिसला की गड्यावर ओरडणारा माणूस मी. आणि बापाच्या नळीला रोज दोन वेळा तेल चोळत होतो.

मग त्यांनी नीट समजावलं. खोबरेल असो, व्हॅसलीन असो, तेलकट काहीही रबराच्या नळीला लावायचं नाही. रबर कमकुवत होतं, फुगा फुटतो. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, आत गेलेला थेंब धुऊन निघत नाही. आणि घरचं तेल कितीही शुद्ध असलं तरी ते निर्जंतुक नसतं. भेसळ नाही म्हणजे जंतू नाहीत असं होत नाही. लावायची ती पाण्यात विरघळणारी, निर्जंतुक, सीलबंद जेली. लिग्नोकेन दोन टक्के मिळते, तिने जागा बधिरही होते. पण आत सोडल्यावर चारपाच मिनिटं थांबायला हवं, लगेच नळी घातली तर उपयोग नाही. बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यांनी बाबांसाठी विचारून घेतलं. उघडलेली ट्यूब पुढच्या खेपेला ठेवायची नाही.

ताप तेलानेच आला असं कुणी म्हणालं नाही. कायमची नळी असली की जंतू शिरतातच. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. रात्री बाबा हळूच म्हणाले, "त्या खेपेक खूप दुखला रे. पण तू मायेन तेल दिलंस, तुका खयच्या तोंडान सांगतलंय?"

त्याच मार्गशीर्षात गावपळण आली. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, वेशीबाहेर राहतो. बाबा हटून बसले, "माका सोडून जायचा नाय." डॉक्टरांना विचारून नेलं. सोबत एक डबा घेतला. त्यात दोन नळ्या, तीन सीलबंद जेल्या, हातमोजे, सिरिंज आणि फुग्यासाठी निर्जंतुक पाणी.

दुसऱ्या रात्री पिशवीत थेंब येईना. नळी कुठे मुडपली का बघितलं. पिशवी खाली आहे ना, तेही बघितलं. सगळं ठीक होतं, पण पोट टणक. नळी बदलणारा तो माणूस दोन राहुट्यांपलीकडेच होता. धावत जाऊन उठवला. हात साबणाने धुऊन त्याने मोजे चढवले. चुलीजवळ तेलाची बाटली होती, त्याची नजर तिकडे गेली की नाही, देव जाणे. मी डबा पुढे केला.

"ह्याच घ्या. आणि जेली घातलास की पाच मिनटां थांबा."

तो हसला आणि थांबला. बाहेर भजन चाललं होतं. नळी गेली तेव्हा बाबांनी दात आवळले नाहीत. पिशवी भरली, बाबा घोरू लागले. उरलेली जेली तो झाकण लावून खिशात टाकत होता, ती मी मागून घेतली आणि कचऱ्यात टाकली.

पुढच्या पावसाआधी बाबा गेले. डब्यात एक जेली तशीच राहिली होती. वाडीतल्या एका घरी म्हाताऱ्याला नळी बसल्याचं कळलं, तेव्हा ट्यूबवरची तारीख बघून ती द्यायला गेलो. काकी दारातच बसल्या होत्या, पुढ्यात खोबरेलाची बरणी.

"काकी," मी म्हटलं, "ती बरणी आत ठेवा. आदी माझा आयका."