सोलर हाये, मंग लाईट काहून नाही?

मे महिन्यातली दुपार. पारा 44 वर. लाईन गेली आणि गच्चीवर सोलर असूनही आमचा पंखा बंद. शेजारचे काका गेटवरूनच म्हणाले, "तुमच्याकडं तं सोलर हाये, मंग लाईट काहून नाही?"

मीही तापलो होतो. सोलर बसवून देणाऱ्याला फोनवर दोन शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते बिघडलं नाही. त्यानं स्वतःला बंद केलंय."

आपल्याला इन्व्हर्टर म्हटलं की बॅटरीवालाच आठवतो. गच्चीवरचा वेगळा. तो पॅनेलची डीसी वीज एसी करतो आणि लाईनच्या 50 हर्ट्झच्या तालात ताल मिळवून बाहेर सोडतो. लाईन गेली की ताल गेला, तो थांबतो. थांबायलाच पाहिजे. खांबावर वायरमन चढलेला असेल आणि आपल्या गच्चीवरून करंट उलटा गेला, तर? त्या दिवशी माझा राग तिथंच उतरला.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभे राहताहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री साप-विंचवाच्या भीतीत ओलित करायला लागू नये, हा हेतू. चांगलाच आहे. पण तिथेही इन्व्हर्टरच आहेत. लाईन ट्रिप झाली की डोक्यावर ऊन असूनही प्रकल्प गप्प. दुपारी वापर कमी आणि सोलर जास्त झालं की व्होल्टेज चढतं, मग इन्व्हर्टर बाहेर पडतात. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेही भर दुपारी. तिथेही व्होल्टेज आवरलं नाही आणि एकामागून एक प्रकल्प तुटत गेले.

याला उपाय आहेत. व्होल्टेज सांभाळायला मदत करतील अशा सेटिंग इन्व्हर्टरमध्ये करता येतात. बॅटरीच्या जोडीनं स्वतःच ताल धरणारे इन्व्हर्टरही आले आहेत.

आम्ही पत्रकार भूमिपूजनाच्या बातमीत मेगावॅट छापतो आणि मोकळे होतो. मीही तेच केलंय. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारणार: फीडर महिन्यात किती वेळा ट्रिप होतो? इन्व्हर्टरच्या सेटिंग कोण तपासतं? बॅटरी आहे का?

तुमच्या गावात प्रकल्प झाला असेल तर तुम्हीही विचारा. ऊन आपल्याकडं भरपूर आहे. लाईन सांभाळली नाही, तर ते नुसतं अंगावर घ्यायचं.