रिकामं कॉकपिट

परवा मिग-२१ चं १:७२ चं किट पुरं केलं. खरं विमान साधारण १५ मीटर, माझं जेमतेम वीतभर! नाकाच्या शंकूत शिशाचे छर्रे भरले, नाहीतर शेपटीवर बसतं. मग सांध्यातली फट पुटीने बुजवायची, घासायची, पुन्हा बुजवायची... घरचे विचारतात, "या वयात खेळणी?"

असो. ही विमानं आपल्या ओझरलाही बनली. १९६३ मध्ये हवाई दलात आली, १९७१ चं युद्ध लढली, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाली. दरम्यान अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले.

खोक्यात वैमानिकाची इवलीशी बाहुलीही होती. ती बसवली नाही. कॅनॉपी उघडी ठेवलीय. उतरून घरी गेलाय, असं समजा.