मंगलाष्टकांनंतर

राजाच्या विवाहावर संगीत नाटक रचणे वाटते तितके सोपे नव्हे. रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराचा ‘झारची वधू’ हा ऑपेरा १८९९ साली मॉस्कोत प्रथम झाला. चौथ्या इव्हान झारने १५७१ साली वरलेली मार्फा लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारली; तीच करुण कथा त्याने सुरांत गुंफली. आमच्या रंगभूमीला मात्र १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून बहुधा मीलनावर पडदा पाडण्याचीच गोडी!

मंचरहून पाबळ फार दूर नाही. तेथे मस्तानीची कबर आहे. पहिला बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस वारला. त्याच वर्षी तीही गेली. पेशव्यांच्या घराने तिला पत्नी म्हणून कधी मानले नाही. तिचा पुत्र समशेर बहादूर मात्र १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्याच जखमांनी मेला.

या विषयावर जो कोणी संगीत नाटक लिहील, त्याने मस्तानीस केवळ नाचवू नये, काशीबाईस केवळ रडवू नये. दोघींनाही आपापले पद द्यावे. आणि मंगलाष्टके संपतात तेथे पडदा पाडण्याऐवजी तो उघडावा. खरा संसार तेथूनच सुरू होतो.