महाडला जाताना दासगावला उतरा

२० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन तारखा जवळ आल्या की आपल्या मालेगावच्या आसपासच्या खेड्यांतून महाडच्या गाडीची बोलणी सुरू होतात. कोणाची जीप, कोणाची भाड्याची बस, कोणी एस.टी.ने. रात्रभर प्रवास करायचा, सकाळी चवदार तळ्यावर जायचे, क्रांतिस्तंभाला अभिवादन करायचे, डबा खायचा आणि परत. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे पनवेलपासून पुढे, गाडीतली सगळी मंडळी गाढ झोपलेली असतात. आणि नेमका तोच रस्ता उघड्या डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे! कारण महाडच्या लढ्याचा एक अध्याय तळ्याच्या काठावर घडण्याआधी रस्त्यावर घडला होता.

पूर्वी आपल्याकडून कोकणात जायचे म्हणजे दिव्यच. मेहकर, सिंदखेडराजा, जालना, औरंगाबाद, नगर, पुणे असे टप्पे करीत जायचे आणि भोरहून वरंधा घाट उतरून महाड गाठायचे. आता समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातूनच गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात तो शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह तो पाहायला गेले असताना दारातल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून केवढा गहजब झाला, तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. लेकरांना गाडीतच सांगावा. पुढे महाडला गेल्यावर त्यांना तळ्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आमण्याहून कल्याणमार्गे पनवेल, आणि पनवेलला आपला खरा रस्ता सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्ग. जुने लोक याला सतरा नंबर म्हणतात, आता तो सहासष्ट नंबर झाला आहे. हा रस्ता गोवा, कर्नाटक, केरळ करीत थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. पनवेल ते गोव्याची हद्द हेच अंतर साडेचारशे किलोमीटरांहून जास्त आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मुले हिरमुसतात. कोकणचा महामार्ग म्हणून समुद्र दिसेल असे धरून बसू नका. आपल्या राज्यात हा रस्ता समुद्राच्या कडेने जात नाही. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत, उजव्या हाताला काही कोसांवर समुद्र, आणि मधल्या डोंगराळ पट्ट्यातून हा चढतो-उतरतो. समुद्र दिसत नाही, पण तो खाड्यांमधून आत शिरून रस्त्याला जागोजागी भेटतो.

हा रस्ता याच वाटेने का गेला, हे कळले की सगळा प्रवास उलगडतो. जुन्या काळी माल आणि माणसे गलबताने यायची. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत खाडीत जिथवर आत जाऊ शके, तिथे बंदर. तिथून पुढे बैलांच्या पाठीवर माल लादून घाटमाथ्यावर. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सारी गावे अशी खाडीच्या शेवटच्या टोकाला वसलेली आहेत. महामार्ग म्हणजे या बंदरांना ओवणारा दोरा. आंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्या तो एकामागून एक ओलांडतो. पातूर-मेडशीच्या घाटापलीकडे घाट न पाहिलेल्या आपल्या पोरांना तर हा रस्ता संपूच नये असे वाटते.

पनवेल सोडले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मग पेण, मग वडखळ. वडखळहून एक फाटा अलिबागकडे वळतो आणि त्या वाटेवर धरमतर आहे. आज तिथे थांबावे असे काही नाही, पण नाव लक्षात ठेवा. मुंबईहून महाडला जाणारा माणूस त्या काळी बोटीने धरमतरला उतरत असे आणि पुढे मोटारीने महाड गाठत असे. १९२७ साली या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारी खासगी मालकांच्या होत्या.

त्या वर्षी मार्चच्या १९ आणि २० तारखेला महाडला पहिली परिषद झाली. मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण कागद कागदाच्या जागी आणि तळे तळ्याच्या जागी! २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. आणि इथे रस्त्याचा प्रश्न आला. धरमतर-महाड मार्गावरचे मोटारमालक सत्याग्रहींना गाडीत घेणार नाहीत, असा सुगावा लागला होता. धरमतरला उतरून तिथेच अडकून पडले असते, तर पुढे पायी जायला महाड फार लांब.

तेव्हा वाट बदलली. २४ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेब सुमारे दोनशे लोकांसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. धरमतर टाळून, लांबच्या सागरी मार्गाने, सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदराकडे. अंतर वाढले, पण दासगावहून महाड पाच मैल. मोटार मिळाली तर मिळाली, न मिळाली तर पाय आहेत! दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी दासगावला उतरली, तेव्हा तिथे सत्याग्रही वाट पाहात थांबले होते. कलेक्टरांचा निरोप आल्यामुळे बाबासाहेब सहस्रबुद्ध्यांना घेऊन पुढे गेले आणि बाकीचे जयघोष करीत, रांगा धरून महाडकडे चालू लागले.

हा प्रकार काही एकाच रस्त्यापुरता नव्हता. लहानपणी मसूर स्टेशनावरून वडिलांकडे जाताना भीमराव आणि भावंडांना गाडीवानाने दुप्पट भाड्यावर गाडी दिली, तीही हाकायची त्यांनी स्वतःच. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाले तयार होईनात, म्हणून नवख्याच्या हाती टांगा दिला गेला आणि बाबासाहेबांना अपघातात दुखापत झाली. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत, मग खेड्यातल्या बायाबापड्यांचे काय? १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एस.टी. धावली. पुढे खेडोपाडी सरकारी गाडी गेली, तेव्हा तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला जात विचारण्याची सोय संपली. लाल गाडीला आपण खडखडाट म्हणून हसतो, पण तिच्या या उपकाराची नोंद आपल्या लेखणीने पुरेशी केलेली नाही.

वडखळनंतर नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. या भागाचे चौपदरीकरण २०११ पासून सुरू झाले आणि त्याच्या मुदतीमागून मुदती गेल्या. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या पिढीने गणपतीला गावी जाताना या खड्ड्यांची जी बोलणी ऐकवली, ती इथे छापण्यासारखी नाहीत. माणगाव सोडल्यावर लोणेरे लागते. रस्त्यालगतच बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेले. बारावीला शास्त्र घेतलेली मुलेमुली बरोबर असतील तर गाडी पाच मिनिटे जरूर थांबवा.

आणि मग दासगाव. रुंद रस्त्यावरून गाडी इतक्या वेगाने जाते की पाटी वाचेपर्यंत गाव मागे पडते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीचे संथ पाणी. २००५ च्या जुलैअखेर याच डोंगराचा कडा कोसळून येथील घरे माणसांसकट गाडली गेली. जवळच्या जुई, कोंडिवते, रोहन या गावांतही तसेच झाले. तरणे जे असतील त्यांनी इथे उतरावे आणि महाडपर्यंत चालावे. आठ किलोमीटर, दोन तासांचे काम. गाडी म्हाताऱ्या माणसांना आणि लहानांना घेऊन पुढे जाऊ द्या. महामार्गाच्या कडेने चालताना मात्र एकामागे एक, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने.

आमच्या गाडीत एक म्हातारी होती, सारे आयुष्य मजुरीत गेलेली. दासगावच्या पाण्याकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पानी हाय बापा इथं, अन् एका तळ्यासाठी मारलं काय लोकायले?" तिला काय उत्तर देणार! महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या वाशीम जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक. नद्या, ओढे, विहिरी, खाडी, सगळीकडे पाणी. आपल्याकडे पाण्यावरून भांडण झाले की लोक दुष्काळाचे कारण सांगतात. इथे ते कारणही सांगता यायचे नाही.

महाड दोन-तीन किलोमीटर राहिले की डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. खाली सावित्री आणि गांधारीचा संगम. तीसेक लेणी आहेत आणि ती बौद्ध आहेत, दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. बंदरातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर भिक्खूंनी अशी वस्तीस्थाने केली होती. म्हणजे ज्या वाटेवर १९२७ साली आपल्याला मोटार मिळत नव्हती, तिच्याच कडेला आपल्या भिक्खूंचे विहार शतकानुशतके उभे होते. पायऱ्या चढायला पंधरावीस मिनिटे पुरतात. पावसाळ्यात शेवाळ असते, जपून.

महाडविषयी इथे थोडक्यात लिहितो, कारण ते प्रत्येकाला ठाऊक आहे. डिसेंबरात कोर्टाची तात्पुरती मनाई आल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित झाला, २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने सुटला. माय-बहिणींनी एक गोष्ट मात्र विसरू नये. याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाका असे त्यांनी सांगितले, आणि बायकांनी ते लगेच अमलात आणले.

आणखी एक. २५ डिसेंबरला निघणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. नाताळच्या सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची याच रस्त्यावर रीघ लागते. त्या शेकडो गाड्यांतल्या कितीजणांना आपण कुठल्या गावावरून चाललो आहोत हे माहीत असते?

महाडच्या पुढे पोलादपूरच्या वाटेवर सावित्रीचा पूल आहे. जुना दगडी पूल १९२८ सालचा, म्हणजे सत्याग्रहानंतर वर्षभरातला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि दोन एस.टी. बस, एक जीप माणसांसह वाहून गेल्या. चाळीसेक माणसे गेली. पुढच्या वर्षी ५ जूनला नवा पूल सुरू झाला. पोलादपूरहून एक फाटा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि महामार्ग कशेडी घाटात शिरतो. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो तो इथेच. आता डोंगराच्या पोटातून दोन बोगदे काढले आहेत, पहिला २०२३ च्या गणपतीआधी खुला झाला. वेळ वाचतो, पण ज्यांना दरी पाहायची आहे त्यांनी चालकाला जुन्या घाटाने न्यायला सांगावे. पाऊस नसेल तरच.

खेडनंतर परशुराम घाट. खाली वाशिष्ठीचा नागमोडी पट्टा आणि चिपळूण शहर. साऱ्या रस्त्यावर याहून देखणी जागा मला तरी दिसली नाही. पण डोंगर कापून रस्ता रुंद केल्यापासून घाटात दरडी येतात आणि खालच्या पेढे गावाचे लोक पावसाळाभर धास्तावलेले असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून जून ते सप्टेंबर कुटुंबासह हा प्रवास करू नये, हिरवळ कितीही खुणावो.

चिपळूणच्या पुढे संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, बांदा. राजापूरच्या पुढच्या भागातले रुंदीकरण बरेच नीट आहे. बांद्यापलीकडे पत्रादेवी म्हणजे गोव्याची हद्द. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीचे निःशस्त्र सत्याग्रही इथून पायी आत शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे.

इतक्या लांब जाणे बहुतेकांना जमणार नाही. महाडहून परतताना एक दिवस जास्त काढला तर मात्र बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे पाहून होते. लोणेऱ्याहून गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ असे मंडणगड तालुक्यात शिरायचे. वाट अरुंद आणि वळणावळणाची आहे. आंबेतला सावित्रीवर पूल आहे, त्याची दुरुस्ती वारंवार निघते, तेव्हा मोठी बस असेल तर लोणेऱ्याला आधी चौकशी करावी. पिण्याचे पाणी आणि भाकरी बरोबर असू द्या, म्हाप्रळनंतर हॉटेले फारशी नाहीत.