लोतारेचें उद्यान

फ्रान्स देशाच्या आग्नेय भागांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत, इझेर व द्राक या दोन नद्यांच्या संगमाजवळ ग्रेनोब्ल हें शहर वसलें आहे. शार्त्रूज, वेर्कोर व बेल्दोन या तीन पर्वतरांगांनीं त्यास वेढलें असून, हिवाळ्यांत वर्गाच्या खिडकींतून पाहावें तों बर्फाचीं शिखरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. येथील विद्यापीठाची स्थापना १३३९ सालीं झाली. तेथें दोन वर्षें गणित शिकविण्याचा योग मला लाभला.

माझ्या फ्रेंच उच्चारांस मुलें हंसतील, अशी प्रथम धास्ती होती. पण तीं हंसलीं नाहींत. मात्र फळ्यावर चूक झाली, कीं कोणाचें तरी बोट लगेच वर होई. मी शिकवीत होतों ती उष्णतेच्या वहनाची उपपत्ति जोझेफ फूरिये यानें याच शहरांत राहून रचिली. १८०२ पासून १८१५ पर्यंत तो इझेर प्रांताचा मुख्य अधिकारी होता. दलदली कोरड्या करविण्याचा कारभार सांभाळून त्यानें हें गणित केलें, हें कळल्यापासून "वेळ मिळत नाहीं" असें म्हणण्याची मला लाज वाटूं लागली.

परीक्षा आटोपल्यावर जूनअखेर दोन विद्यार्थी मला लोतारेच्या खिंडींत घेऊन गेले. तेथें सुमारें २,१०० मीटर उंचीवर विद्यापीठाचेंच एक उद्यान आहे. तें १८९९ सालीं स्थापन झालें. बर्फामुळें तें उन्हाळ्यांत जेमतेम तीन महिने उघडें असतें. परंतु तेवढ्या अवधींत जगांतील नाना पर्वतांवरच्या दोन हजारांहून अधिक वनस्पती तेथें पाहावयास मिळतात. समोर मेज पर्वताचें ३,९८३ मीटर उंचीचें शिखर, व त्याच्या अंगावर हिमनद्या. त्या आतां वर्षानुवर्षें आटत चालल्या आहेत. हिमालयांतील फुलांच्या वाफ्यापाशीं एका विद्यार्थिनीनें सहज विचारलें, "तुमच्या गांवच्या डोंगरांत कोणतीं फुलें येतात?"

माझें घर साताऱ्यास. कासचें पठार तेथून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर. सह्याद्रीच्या ज्या स्थळांस २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तें आहे. मी "तेरडा" म्हणालों, "कारवी" म्हणालों, आणि गप्प झालों. पुढें सांगण्यासारखें मजजवळ कांहींच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं घरीं फोन केला व धाकट्या काकूंस बोलाविलें. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. श्रावण-भाद्रपदांत त्या हौसेनें कासला जात, आणि "काकू गवत पाहावयास निघाल्या" म्हणून आम्ही मुलें त्यांची थट्टा करीत असूं.

"अरे, सीतेचीं आसवें विसरलास?" त्या म्हणाल्या. "इवलेंसें निळें फूल, तें झाड किडे पकडून खातें, म्हणून मुद्दाम दाखविलें होतें तुला. पण तुझें लक्ष वहींत!" पुढें अर्धा तास त्या एकेक नांव सांगत होत्या. अखेरीस म्हणाल्या, "यंदा कसेंबसें जमेल. गुडघ्यांचें पुढच्या वर्षाचें कांहीं सांगवत नाहीं."

तिसऱ्या वर्षाच्या नेमणुकीचें पत्र टेबलावर पडलें होतें. सप्टेंबरांत तेथें वर्ग सुरू होतात, आणि कासला फुलांचा बहरही तेव्हांच. दोन दिवस मी तें पत्र उघडून पाहत होतों. पगार चांगला होता, विद्यार्थी आवडते होते. अखेर आभार मानून नकार कळविला.

भाद्रपदांत काकूंस घेऊन कासला गेलों. थोडें चालून त्या वाटेकडेच्या एका दगडावर टेकल्या व बोट दाखवून नांवें सांगूं लागल्या. मीं तीं वहींत उतरून घेतलीं. लोतारेच्या उद्यानांत प्रत्येक रोपापाशीं नांवाची पाटी आहे. आमच्या घरीं तें काम इतकीं वर्षें काकूच करीत होत्या, आणि आम्हांस त्याची दादही नव्हती.

वाचकांच्या घरींही अशी एखादी काकू, आत्या किंवा आजी असेलच. तिच्या तोंडचीं नांवें वेळींच लिहून घ्यावीं, एवढीच विनंति.