आमची आनंद

आम्ही उभयता याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो. सायंवंदनेनंतर ऐकलेली एक कथा मनात घर करून राहिली. महाप्रजापती गौतमीने संघप्रवेशासाठी तीनदा याचना केली; तिन्ही वेळा नकार मिळाला. तेव्हा केस उतरवून, शाक्य स्त्रियांसह ती वैशालीपर्यंत पायी गेली आणि सुजलेल्या, धुळीने माखलेल्या पायांनी दाराबाहेर रडत उभी राहिली. तथागतांपुढे तिची बाजू मांडली ती भदंत आनंदांनी. स्त्रीला अर्हत्पद प्राप्त होऊ शकते ना, हा त्यांचा प्रश्न निर्णायक ठरला. प्रवेश मिळाला, आठ कडक अटींसह, हेही खरेच.

कन्या झाली तेव्हा आम्ही तिचे नाव 'आनंद' ठेवले. तळेऱ्यात, वाडीच्या विहारात त्रिशरण-पंचशील झाले, नाव उच्चारले गेले आणि आजी उद्गारली, "चेडवाक झिलाचा नाव कित्याक?" शेजाऱ्यांचा तर्क अधिक बोचरा होता: पुढचा मुलगा व्हावा म्हणून असेल. त्यांना तरी काय दोष द्यावा? त्याच आशेने साताऱ्याकडे मुलींना 'नकुशी' म्हणत. 2011 मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाने अशा 280 हून अधिक मुलींना नवी नावे दिली. आमची लेक हवीच होती, हे पटवताना आमची दमछाक होई.

जन्मदाखल्यावर लेखनिकाने आपण होऊन 'आनंदी' लिहिले. ती एक वेलांटी काढून घेण्यासाठी आम्हांला तीन हेलपाटे पडले.

आता ती चौथीत आहे. हजेरी घेताना नवे गुरुजी मुलग्यांच्या रांगेकडे पाहतात. 'हजर' दुसऱ्या बाजूने येते.